याले घासू नको, भो

(दृश्य: भुसावळ. पलंगाखालची पत्र्याची पेटी. दोन हात कडी काढतात.)

पेटी कपड्यांची वाटते, पण आत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेल्या कुकऱ्या (गुरख्यांचे वाकड्या पात्याचे सुरे), सुरे आणि बंदुकीच्या टोकाला लावायच्या संगिनी आहेत. सगळ्या पलटणीतून सुटलेल्या. त्या जमवणारे अप्पा स्वतः निवृत्त झाले रेल्वेतून.

पहिली कुकरी त्यांना यावलकडच्या एका केळीच्या बागेत दिसली. गडीमाणसं तिनेच घड उतरवत होती. नवा कोयता देऊन अप्पांनी ती बदल्यात घेतली, आणि त्याच संध्याकाळी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ग्राइंडरवर धरली. आरशासारखी लखलखीत झाली. मुठीजवळ काही अक्षरं होती, एवढंच त्यांना आठवतं.

"कोनी बनवली, कोन्या सालची, समदं त्या चाकानं खाल्लं."

पेटीत ती सगळ्यात वर असते. मुद्दाम.

(दृश्य: दुसरी कुकरी, भिंगाखाली.)

चाकानं काय खाल्लं, ते हिच्यावर बघा. गंजाच्या तपकिरी सालीतून एक बाण वर येतो. बाण म्हणजे सरकारी माल. जोडीला इंग्रजी 'आय', म्हणजे हिंदुस्थानच्या लष्कराचा. शेजारी साल, १९४४. मुठीच्या लाकडाच्या दोन फळ्या रिव्हेटांनी आवळलेल्या. दुसऱ्या महायुद्धातली ही घडण. म्यानाच्या पाठीला दोन लहान सुऱ्या: कामापुरती 'करडा' नावाची, आणि आग पाडायला, धार लावायला बोथट 'चकमक'. या दोन बहुधा हरवलेल्याच असतात. इथे एक उरली आहे.

शेजारची संगीन १९०७ च्या नमुन्याची, १७ इंच पात्याची. दुसऱ्या महायुद्धात एवढी लांबी गैरसोयीची ठरली आणि भारतात पातं १२ इंचांवर आलं. अप्पांकडे दोन्ही आहेत. शेजारी शेजारी ठेवली की बापलेक वाटतात.

आता हा खंजीर. फेअरबर्न आणि साइक्स, दोघेही शांघायच्या पोलिसांतले. त्यांनी ब्रिटिश कमांडोंसाठी तो आखला, आणि १९४१ मध्ये विल्किन्सन कंपनीने तो घडवायला घेतला. पातं साधारण सात इंच, दुधारी, टोकाकडे निमुळतं. पहिल्या नमुन्याची मूठ-पात्यामधली आडपट्टी नागमोडी, पुढे ती सरळ झाली. कड्याकड्यांची मूठ आली १९४३ मध्ये. अप्पांच्या खंजिराला नागमोडी आडपट्टी आहे आणि कड्याकड्यांची मूठही. घोड्याला बैलाचं शेपूट! चांगले पैसे मोजून घेतलेली नक्कल. तीही त्यांनी ठेवली आहे, पाहुण्यांची परीक्षा घ्यायला.

खान्देशात आणखी एक गंमत चालते. कुठलाही जुना सुरा भिल्ल पलटणीचा म्हणून विकायचा. पलटण खरी. आउटराम या इंग्रज अधिकाऱ्याने ती १८२५ मध्ये भिल्लांमधून उभी केली, ठाणं धरणगावला. पण सुऱ्यावर खूण नसेल, तर तुम्ही सुरा नाही, गोष्ट विकत घेताय.

(दृश्य: चामड्याचं म्यान, टोकाला हिरवट थर.)

चामड्याच्या म्यानात सुरा कायमचा ठेवत नाहीत. चामडं ओल धरतं, पोलाद गंजतं, पितळ कळकतं. म्हणून ही धोतराची फडकी. आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा लढाऊ सुरा शस्त्रांच्या नियमांखाली येतो, म्हणून आधी पोलिस ठाण्यात चौकशी, मग व्यवहार.

(दृश्य: दुपार. दारात एक तरुण, हातात गोणपाट.)

रावेरहून आलाय. आजोबांच्या माळ्यावर सापडलेली संगीन. खिशातून पॉलिश पेपर डोकावतोय, टोकाकडचे दोन इंच आधीच चकचकीत. अप्पा त्याचं मनगट धरतात.

"याले घासू नको, भो."

शिवणयंत्राच्या तेलात भिजवलेला कापूस ते मुठीजवळच्या गंजावर ठेवतात आणि वर फडकं बांधतात. तरुण विचारतो, किती वेळ?

"चहा घे. मंग जाय घरी. परवा ये."