रास शमराच्या मातीच्या पाट्या

नमस्कार श्रोतेहो. 1928 साली सीरियाच्या किनाऱ्यावर, लाटाकियाजवळ, शेत नांगरताना एका शेतकऱ्याचा फाळ दगडाला अडला. खाली जुनी कबर निघाली. तेव्हा सीरिया फ्रान्सच्या ताब्यात होता. पुढच्याच वर्षी क्लोद शेफेर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने तिथे खोदकाम सुरू केलं. मग शेजारचं रास शमरा, म्हणजे बडीशेपीचं टेकाड, उकरलं आणि 14 मे 1929 रोजी मातीच्या पाट्या हाती आल्या. खिळ्यांसारखी अक्षरं होती, पण चिन्हं जेमतेम तीस. अशी लिपी कुणी पाहिलेली नव्हती.

पाट्या शार्ल विरोलो या फ्रेंच विद्वानाकडे सोपवल्या गेल्या. त्या कुलूपबंद ठेवून एकट्याने वाचायच्या, असं ते करू शकले असते. त्यांनी सगळ्या पाट्यांच्या नकला काढून 'सीरिया' या नियतकालिकात छापून टाकल्या. रास शमराखाली गाडलेलं प्राचीन नगर म्हणजे युगारित; त्याच्या अभ्यासाला फ्रान्सने दिलेली सर्वांत मोठी देणगी मला हीच वाटते.

एक खूण त्यांनीच दाखवली होती. काशाच्या कुऱ्हाडींवर सहा अक्षरं होती. एका पाटीच्या आरंभी तीच सहा, फक्त आधी एक जादा चिन्ह. पत्र असेल तर ते चिन्ह म्हणजे 'अमक्याला'मधला 'ला', म्हणजेच हिब्रू, अरबीसारख्या सेमिटिक भाषांतला 'ल'! आपला 'ला' शब्दामागून येतो, त्यांचा पुढे, एवढंच.

एप्रिल 1930 मध्ये या नकला जर्मनीत हान्स बावर या भाषातज्ज्ञाच्या हाती पडल्या आणि आठवड्याभरात त्यांनी बरीच अक्षरं लावली. काही चुकली, ती जेरुसलेममधल्या एदुआर दोर्म या फ्रेंच विद्वानाने दुरुस्त केली, बावरनीही ती मान्य केली. पहिल्या महायुद्धात दोघेही गुप्तलिपी फोडत होते, एकमेकांविरुद्धच्या बाजूंनी. बारा वर्षांनी त्यांचं ज्ञान असं एकत्र आलं. नव्या पाट्या हाताशी घेऊन विरोलोंनी उरलेलं काम पुरं केलं. कुऱ्हाडींवरच्या त्या सहा अक्षरांचा अर्थ होता 'पुरोहितांचा प्रमुख'.

त्यानंतर बाल नावाच्या वादळ-पावसाच्या देवाच्या कथा वाचता आल्या. तोवर बाल मुख्यतः बायबलमधून, त्याच्या विरोधकांच्या तोंडूनच ठाऊक होता. आता त्याला पुजणारे स्वतः बोलू लागले, तेही तीन हजारांहून अधिक वर्षांनी.

1948 साली तिथेच बोटभर लांबीची एक पाटी मिळाली. तिच्यावर एकही कथा नाही, देवाचं नाव नाही. फक्त तीस अक्षरं, ओळीने लिहिलेली. हिब्रू मुलं आजही आलेफ, बेत, गीमेल ज्या क्रमाने म्हणतात, तोच क्रम; काही अक्षरं तेवढी जास्त.