चावी परत मागितलीच नाही कोणी

(दृश्य: दादर स्टेशन, सकाळी साडेआठ. गर्दीतून एक हात खिशातला पास बाहेर काढतो.)

हा पास बघा. कुठून कुठपर्यंत, कुठला क्लास, आणि खाली शेवटची तारीख. पास हातात देतानाच तो कधी संपणार ते छापलेलं असतं, आणि ती तारीख गेली की संपला, रद्द करायला कोणाला खिडकीवर जाऊन सांगावं लागत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. मुंबईतल्या एका कॉलेजात मी दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो, सीएचबी म्हणतात ते. मार्चमध्ये काम संपलं, आयकार्ड ऑफिसात जमा केलं, लायब्ररीचं नो ड्यूज घेतलं, स्टाफरूमच्या कपाटाची चावी तर शिपाई काकांनी आठवणीने मागून घेतली. मग पुढच्या वर्षीच्या दिवाळीत जुना लॅपटॉप साफ करत बसलो होतो, ब्राउझरमध्ये मार्क भरायचं पोर्टल सेव्ह होतं, सहज क्लिक केलं आणि उघडलं की! एफवायचा अख्खा वर्ग, रोल नंबर, इंटर्नलचे मार्क आणि प्रत्येक ओळीपुढे एडिटचं बटण. हात गार पडले माझे. ही मुलं मी कधी बघितलेलीसुद्धा नव्हती.

लगेच फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "अहो सर, तुम्ही गेलात हे आम्हाला कोणी कळवलंच नाही." आणि खरं सांगतो, त्या माणसाची यात काही चूक नव्हती.

(दृश्य: कॉलेजचं गेट. आत येणारी माणसं, एकेक चेहरा.)

मुंबईतल्या कॉलेजात किती प्रकारची माणसं येतात मोजून बघा. ज्युनियर कॉलेजची मुलं, डिग्रीची, पीएचडीवाले, एडेडचे प्राध्यापक, सेल्फ फायनान्सचे, सीएचबीवाले, ऑफिस, लायब्ररी, परीक्षा विभाग, शिवाय फक्त दोन दिवसांसाठी बाहेरून आलेले परीक्षक. त्यात एकच सर सकाळी एडेडला फिजिक्स शिकवतात, दुपारी सेल्फ फायनान्सच्या आयटीला जातात आणि वर एनएसएसचं कामही बघतात. आता यातल्या प्रत्येकाला काय काय दिसावं, काय बदलता यावं हे एकेका नावावर टिक करत बसलात तर दोन वर्षांत कोणालाच सांगता येणार नाही की हा परवाना याला का दिला होता.

म्हणून ग्रुप. परवाना माणसाला द्यायचाच नाही, ग्रुपला द्यायचा, माणूस ग्रुपमध्ये आला की परवाना लागू, बाहेर पडला की गेला. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९२ मध्ये हाच विचार नीट मांडला, रोलवर, म्हणजे भूमिकेवर आधारलेला ॲक्सेस म्हणून तो आज सगळीकडे ओळखला जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर अधिकार खुर्चीचा. आणि त्याच्याही आधी १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं की कामाला लागेल तेवढाच अधिकार द्या, त्याहून जास्त नको. मार्क भरणारा वेगळा आणि ते तपासून फायनल करणारा वेगळा, हेही त्याच विचाराला धरून आहे. एकाच हातात दोन्ही दिलं की चूक पकडणारं कोणी उरत नाही.

हे माहीत असूनही गडबड कुठे होते? घाईत. लिनक्ससारख्या सर्व्हरवर फाइलच्या परवान्याचे तीन हिस्से असतात, मालक, ग्रुप आणि बाकी सगळे, प्रत्येकाला एक आकडा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि जे द्यायचं त्याची बेरीज. म्हणजे ६४० लिहिलं की मालक वाचणार आणि लिहिणार, ग्रुप फक्त वाचणार, बाकीच्यांना काहीच नाही. इतकं साधं आहे हे. पण निकालाच्या आदल्या संध्याकाळी फाइल उघडत नाही म्हणून फोनवर फोन येतात, मग कोणीतरी म्हणतं ७७७ करून टाक, आणि फाइल सगळ्यांना उघडी. काम होतं, निकाल लागतो, ते ७७७ मात्र तिथेच राहतं, वर्षानुवर्षं.

(दृश्य: ऑफिसचा मॉनिटर. कडेला पिवळी चिठ्ठी, त्यावर पासवर्ड.)

दुसरा रोग म्हणजे सामायिक अकाउंट, एकच ॲडमिन आणि वापरणारे पाच. याची एक जुनी गोष्ट आहे, १९६० च्या दशकातली, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातली. सीटीएसएस नावाची सिस्टिम, एकाच कॉम्प्युटरवर अनेकजण काम करायचे. तिथला एडिटर, म्हणजे फाइल लिहायचा-बदलायचा प्रोग्राम, असा बनवला होता की एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार. पुढे सोयीसाठी सिस्टिमच्या डिरेक्टरीत अनेक ॲडमिनना एकाच वेळी काम करायची मुभा दिली. एक दिवस एकजण लॉगिन करताना दिसणारा रोजचा संदेश बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या फाइलचं नाव एकच, त्यांची अदलाबदल झाली, आणि मग जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड. चोर कोणी नव्हता हो तिथे, एक छोटी सूट दिली होती फक्त.

आता उपाय आहेत का, तर आहेत, आणि विद्यापीठांनीच बनवलेत. इंटरनेट-टू ही अमेरिकेतली संस्था, तिचं ग्रूपर नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात माणसाला ग्रुपमध्ये टाकतानाच शेवटची तारीख देता येते. अगदी आपल्या पासासारखी. एका ग्रुपमधून दुसरा वजाही करता येतो, म्हणजे सगळा स्टाफ, वजा ज्यांचं अकाउंट रोखलंय ते. मला विचाराल तर ती तारीखच सगळ्यात मोलाची, कारण ॲक्सेस हवा असला की माणूस दहा फोन करतो, पण माझा काढा म्हणून एकही फोन येत नाही, मीही केला नव्हता.

(दृश्य: जूनची दुपार, बाहेर पाऊस. सर्व्हर रूमशेजारची छोटी केबिन.)

या मॅडम दुसऱ्या एका कॉलेजची सिस्टिम बघतात. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक विभागाला एक यादी पाठवतात, कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे त्याची, आणि पुढे एकच रकाना, अजून आहेत का. हो किंवा नाही लिहायचं. आठवड्यात उत्तर आलं नाही तर त्या स्वतः जिना चढून जातात, विभागप्रमुखांसमोर बसतात आणि एकेक नाव वाचून दाखवतात.

"हे सर?"

"ते मागच्याच वर्षी गेले, मॅडम."

मॅडम पेनाने नावावर रेघ मारतात, खाली येतात आणि कीबोर्ड पुढे ओढतात.