स्टुडबेकर : 68 डॉलरची सुरुवात आणि पंधरा टक्के पेन्शन

नमस्कार मंडळी. अमेरिकेत इंडियाना नावाचं राज्य आहे आणि तिथं साउथ बेंड म्हणून एक गाव आहे. आजची गोष्ट त्या गावातल्या स्टुडबेकर ह्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची. 16 फेब्रुवारी 1852 ला हेन्री आणि क्लेमेंट हे दोन सख्खे भाऊ इथं लोहारकामाचं दुकान टाकतात. भांडवल किती, तर 68 डॉलर. भाता, ऐरण, घोड्याला नाल ठोकायचे, गाडीच्या चाकाला धाव बसवायची, आणि कुणी सांगितलंच तर अख्खी घोडागाडी बनवून द्यायची. आडनाव स्टुडबेकर.

ह्यांचे वडील पण लोहार, गाड्या बनवण्यात एकदम पक्के पण व्यवहारात कच्चे. दुसऱ्यांना जामीन राहायचे, उधारी वसूल करायचे नाहीत, त्यामुळं आयुष्यभर कर्जात. आणि तरी त्यांच्या दुकानावर बायबलमधली एक ओळ लिहिलेली असायची असं सांगतात, की कुणाचं काही देणं ठेवू नका, एकमेकांवर प्रेम करण्याचं तेवढं सोडून. ही ओळ लक्षात ठेवा, शेवटाकडं लागणार आहे.

पाच भाऊ होते एकूण. त्यातला मधला, जॉन मोहलर, ह्याची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. 1853 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडतंय म्हणून सगळी दुनिया तिकडं पळत होती, हा पण निघाला, तांड्याबरोबर जायचं भाडं म्हणून त्यांना घरची बनवलेली वॅगन देऊन टाकली. प्लेसरविलला पोचला तर तिथं त्याला सोन्याऐवजी काम मिळालं. बांधकामावर असते ना ती एका चाकाची ढकलगाडी, खाणवाल्यांना माती उपसायला ती लागायची, हा ती बनवत बसला. पाच वर्षं. लोकं त्याला व्हीलबॅरो जॉनी म्हणायला लागले. 1858 ला परत आला तेव्हा गाठीशी 8000 डॉलर होते, आणि ते सगळे त्यानं भावांच्या धंद्यात घातले, हेन्रीचा वाटा विकत घेतला. हेन्रीला तसंही बाहेर पडायचं होतं कारण दुकानाला मिलिटरीच्या गाड्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या आणि त्यांच्या पंथात युद्ध म्हणजे पाप.

पुढं यादवी युद्ध झालं, उत्तरेच्या सैन्याला स्टुडबेकरच्या वॅगनी गेल्या, पश्चिमेकडं वस्ती करायला निघालेले लोक ह्याच गाड्यांतून गेले, आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत हे जगातले सगळ्यात मोठे घोडागाडी बनवणारे झाले होते. घोडागाडीवाले शेकड्यानं होते तेव्हा अमेरिकेत, मोटार आली आणि जवळपास सगळे बुडाले. स्टुडबेकर तरले, कारण त्यांनी वेळेत उडी मारली. 1902 ला पहिली मोटार काढली आणि ती चक्क इलेक्ट्रिक! 1904 पासून पेट्रोलची. घोडागाड्या 1920 पर्यंत सोबत चालूच होत्या.

मग आला अल्बर्ट अर्स्किन. 1920 च्या दशकात कंपनी ह्याच्या हातात होती आणि माणूस धडाडीचा, पियर्स-ॲरो सारखी श्रीमंतांची गाडी बनवणारी कंपनी विकत घेतली, स्वतःच्या नावाची स्वस्त गाडी काढली, टेस्टिंगसाठी गावाबाहेर मोठ्ठा ट्रॅक बांधला. पण 1929 नंतर मंदी आली तेव्हा त्याला वाटलं हे चार दिवसांचं आहे, आणि शेअरवाल्यांना कमाईपेक्षा जास्त डिव्हिडंड वाटत राहिला. तिजोरी रिकामी झाली. मार्च 1933 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जुलैमध्ये अर्स्किननं स्वतःचं आयुष्य संपवलं.

कंपनी पुन्हा उभी केली ती पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स ह्या दोघांनी. 1939 ची चॅम्पियन नावाची हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी चालली. दुसऱ्या महायुद्धात ह्यांनी जवळपास 2 लाख मिलिटरी ट्रक बनवले आणि त्यातले बहुतेक रशियाला गेले, कात्युशा रॉकेट लावलेले रशियन ट्रकचे जुने फोटो बघाल तर त्यात कित्येकदा खालचा ट्रक साउथ बेंडचा असतो.

युद्ध संपल्यावर बाकीचे मोठे ब्रँड 1942 च्याच गाड्या थोड्या रंगरंगोटी करून विकत होते, तेव्हा ह्यांनी संपूर्ण नवीन डिझाईन आणलं, 1947 चं मॉडेल. डिझायनर रेमंड लोवीचा स्टुडिओ, डिझायनर व्हर्जिल एक्सनरचा हात. त्यातल्या स्टारलाईट कूपेची, म्हणजे दोन दारांच्या गाडीची, मागची काच अशी गोल वळवलेली की लोक विचारायचे, गाडी येतीये का जातीये? 1950 च्या मॉडेलला तर समोर विमानाच्या नाकासारखं टोक काढलेलं. आणि 1953 ची कूपे, रॉबर्ट बर्कनं काढलेली, एवढी बुटकी आणि एवढी स्वच्छ रेषांची गाडी अमेरिकेत तोवर कुणी कारखान्यातून काढली नव्हती असं माझं मत आहे. आजही बघितली तर जुनी वाटत नाही.

पण तिथंच घोळ झाला. लोकांना कूपे हवी होती, कंपनीनं अंदाज धरला होता चार दारांच्या सेडानचा. पुढचे पत्रे नीट जुळेनात, डिलिव्हरी लांबली. त्यात फोर्ड आणि शेवरोलेची आपसात किमतीची मारामारी सुरू झाली, आणि हत्तींच्या झुंजीत झुडपं तुडवली जातात तसं छोट्या कंपन्यांचं झालं. साउथ बेंडचा कारखाना जुना, मजुरी इतरांपेक्षा जास्त. 1954 ला पॅकार्ड ह्या दुसऱ्या मोटार कंपनीनं स्टुडबेकर विकत घेतली आणि नंतर हिशोब उघडून बघितले तर ना नफा ना तोटा व्हायला वर्षाला 2 लाख 82 हजार गाड्या खपायला हव्यात, आणि त्या वर्षी त्याच्या निम्म्या पण खपल्या नव्हत्या. लग्न झाल्यावर घरावर किती कर्ज आहे ते कळावं तसं. दोन-अडीच वर्षांत पॅकार्डचा डेट्रॉइटचा कारखाना बंद, 1958 नंतर पॅकार्ड हे नावच गेलं.

1959 ला लार्क नावाची छोटी गाडी आली आणि कंपनीनं चांगला श्वास घेतला. एकच वर्ष. लगेच फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर ह्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या छोट्या गाड्या आणल्या. मग शेरवूड एगबर्ट नावाचा नवीन प्रेसिडेंट आला, त्यानं लोवीला परत बोलावलं, आणि कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या एका भाड्याच्या घरात चार जणांनी काही आठवड्यांत ॲव्हांटी उभी केली. फायबरग्लासची बॉडी, पुढं डिस्क ब्रेक, समोर जाळीच नाही. 1962 ला दाखवली, ऑर्डरी धडाधड आल्या, आणि परत तेच, बॉडी जुळेनात, गाड्या वेळेवर निघेनात. एगबर्टला कॅन्सर झाला होता, नोव्हेंबर 1963 मध्ये त्याला पद सोडावं लागलं.

9 डिसेंबर 1963. केनेडींची हत्या होऊन तीन आठवडे पण झाले नव्हते, ख्रिसमस तोंडावर, आणि कंपनीनं जाहीर केलं की साउथ बेंडचा कारखाना बंद. 20 डिसेंबरला तिथली शेवटची गाडी लाईनवरून उतरली.

आता खरं जे सांगायचंय ते. कामगारांची पेन्शन होती, 1950 मध्ये युनियनशी करार करून सुरू झालेली. पण त्या फंडाचं गणित असं होतं की जी माणसं आधीच वीस-वीस वर्षं काम करून बसली होती त्यांच्या मागच्या वर्षांचे पैसे कंपनीनं एकदम भरायचे नव्हते, 30 वर्षांत थोडे थोडे भरायचे. आणि दर करारात पेन्शन वाढायची, की त्या वाढीचा नवीन बोजा परत पुढं ढकलला जायचा. कागदावर पेन्शन पूर्ण, फंडात पैसे अर्धवट. कंपनी चालू असेपर्यंत हे कुणाला टोचत नव्हतं. 1964 मध्ये हिशोब झाला तेव्हा जे निवृत्त होते आणि ज्यांचं वय 60 च्या वर अन् नोकरी दहा वर्षांची होती, अशा जवळपास 3600 जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. ते झाल्यावर फंडात उरलं अगदी थोडं. 40 ते 59 वयाचे, दहा वर्षं पुरी केलेले, असे 4000 च्या आसपास कामगार, त्यांना हक्काच्या रुपयातले पंधरा पैसे. ह्या लोकांचं सरासरी वय 52 आणि सरासरी नोकरी जवळपास 23 वर्षं. बाकी उरलेले 2900 च्या आसपास, बहुतेक चाळिशीच्या आतले, त्यांना शून्य. बावन्नाव्या वर्षी, एकाच कारखान्यात तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरीकडं कोण उभं करणार? आणि ह्यात कायदा कुठंच मोडला नव्हता, कारण कायदाच नव्हता. दुकानाच्या दारावर देणं ठेवू नका असं लिहिणाऱ्या लोहाराच्या पोरांची कंपनी होती ही, म्हणून मला हा भाग सांगताना जास्त त्रास होतो.

युनियननं आणि इंडियानाचे सेनेटर व्हान्स हार्टके ह्यांनी हा विषय वॉशिंग्टनला नेला, पेन्शनला बँकेतल्या ठेवीसारखा विमा हवा अशी मागणी केली. दहा वर्षं गेली. 2 सप्टेंबर 1974 ला, तिकडचा कामगार दिन होता, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड ह्यांनी एरिसा नावाच्या कायद्यावर सही केली. फंडात किती पैसे हवेत, किती वर्षांनी हक्क पक्का होतो ह्याचे नियम झाले आणि पेन्शनचा विमा उतरवणारी सरकारी संस्था झाली. त्या 4000 लोकांना त्याचा काही उपयोग झाला नाही, कायदा मागच्या तारखेपासून नव्हता.

गाड्या कॅनडात हॅमिल्टनला अजून थोडी वर्षं बनत राहिल्या. मार्च 1966 मध्ये तिथली शेवटची गाडी, क्रूझर मॉडेलची, निघाली, निळसर-हिरवी, पांढऱ्या टपाची. ती आता साउथ बेंडच्या म्युझियममध्ये आहे, आणि त्याच म्युझियममध्ये लिंकनची बग्गी पण आहे, ज्या रात्री गोळी लागली त्या रात्री तो जिच्यात बसून नाटकाला गेला होता ती.

आणि अर्स्किनच्या काळातला तो टेस्टिंग ट्रॅक आठवतोय ना, गावाबाहेरचा? तिथं 1930 च्या दशकात हजारो पाईनची रोपं लावली होती. खालून चालत गेलात तर साधं जंगल, सावली, जमिनीवर पडलेल्या सुया. आता ड्रोनचा शॉट बघा. वर जा, अजून वर. ती झाडं ओळीनं उभी आहेत आणि त्यांची अक्षरं झालीत, जवळपास अर्धा मैल लांब, स्टुडबेकर.