हळदीचे तीन ठिपके

[दृश्य: वसमतचा मोंढा, हळदीचे ढीग]

शिजवलेली, वाळवलेली, ड्रममध्ये घासून चकचकीत केलेली हळकुंडं. हिंगोली, नांदेड, परभणीच्या शिवारातली. वरून बघाल तर सगळीकडे एकच पिवळा.

[दृश्य: काचेची बरणी, पट्टीवर चढणारं द्रावण]

नांदेडमधल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. हळदीचा अर्क सिलिकाची पूड थापलेल्या पट्टीवर टेकवलाय. क्लोरोफॉर्म, त्यात थोडं मिथेनॉल. द्रावण वर सरकतंय, आणि बघा, एका ठिपक्याचे तीन झाले, हळदीतली तीन पिवळी द्रव्यं. वर करक्युमिन, मधे डिमेथॉक्सिकरक्युमिन, खाली बिसडिमेथॉक्सिकरक्युमिन.

हा क्रम पट्टी बरणीत ठेवण्याआधीच फळ्यावर लिहिला होता.

[दृश्य: फळ्यावरच्या तीन रचना]

तिन्ही रेणूंचा सांगाडा एकच. करक्युमिनवर दोन मेथॉक्सी गट, म्हणजे अणूंचे ठरावीक जुडगे, मधल्यावर एक, खालच्यावर एकही नाही. आता मेथॉक्सीत ऑक्सिजन असतो, म्हणून तो ध्रुवीय, म्हणजे विद्युतभार एकीकडे झुकलेला; आणि सिलिका ध्रुवीय गटांना धरून ठेवते. म्हणजे करक्युमिन सगळ्यात खाली अडकायला हवं. पहिल्यांदा बहुतेक मुलं हेच सांगतात. घडतं उलट. कारण मेथॉक्सी एकटा नाही, त्याला खेटून हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे. त्याचा हायड्रोजन मेथॉक्सीच्या ऑक्सिजनकडे गुंततो, सिलिकाशी बंध जोडायला पुरता मोकळा राहत नाही. शेजारी मेथॉक्सी नसेल, तिथे तो मोकळाच. गट मोजून भागत नाही, त्यांचा शेजारही बघावा लागतो.

[दृश्य: एचपीएलसी (दाबाने द्रावण ढकलून रेणू वेगळे करणारं यंत्र), पडद्यावर उमटणारी तीन शिखरं]

यंत्रातल्या सी-१८ कॉलममध्ये, म्हणजे तेलकट थराचे कण भरलेल्या नळीत, क्रम उलटतो. इथे पाण्यात रमणारा रेणू आधी बाहेर येतो, करक्युमिन शेवटी.

रेणू किती अडकेल यात त्यातला प्रत्येक गट आपापला वाटा उचलतो, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आर्चर मार्टिन यांनी १९५० साली मांडलं. १९७७ मध्ये पोलंडच्या रोमन कालिशान यांनी रचनेचे आकडे आणि कॉलममधला मुक्काम यांची समीकरणं जुळवली. २०१९ साली सुमारे ८० हजार रेणूंच्या कॉलममधून बाहेर पडायच्या मोजलेल्या वेळा सर्वांसाठी खुल्या झाल्या. आज संगणक त्यांवरून शिकतो. अंदाज जमला की चाचण्या वाचतात, द्रावकही.

[दृश्य: फळ्यासमोर विद्यार्थी]

पण आमचा आग्रह या फळ्यासाठी आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक रसायनशास्त्राच्या वर्गात यंत्राचं बटण दाबण्याआधी मुलांनी रेणू वाचलाच पाहिजे.

आता फळ्यावर एआर-टर्मेरोन आहे, हळदीच्या तेलातलं. हायड्रॉक्सिल एकही नाही. मुलांनी लिहिलंय: करक्युमिनच्याही वर. ते पिवळं नाही, म्हणून ठिपका दिसायला पट्टीवर व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्ल फवारून ती तापवायची आहे.