चांदीची चतकोर

श्रोतेहो, नमस्कार.

भाकरीची चतकोर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आज मी तुम्हांला चांदीच्या चतकोरीबद्दल सांगणार आहे. आकारानं ती अंगठ्याच्या नखाहूनही लहान, आणि वजन इतकं कमी की तळहातावर ठेवली तरी कळत नाही. मागच्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या एका शेतात ती माझ्या मैत्रिणीला सापडली, आणि तेव्हा मी तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले होते.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाचा परगणा आहे. सगळा सपाट मुलूख, गव्हाबार्लीची शेतं आणि गावोगावी दगडी चर्च. माझी मैत्रीण तिथे रुग्णालयात नर्स आहे आणि मी शाळेत शिकवते. ती मूळची जुन्नर तालुक्यातली, शेतकऱ्याघरची. परदेशात आल्यावर तिला माणसांच्याही आधी मातीची आठवण यायची. एका वर्षी तिनं जुनं, वापरलेलं मेटल डिटेक्टरचं यंत्र विकत घेतलं आणि मला म्हणाली, "अगं, वावरात जायला काहीतरी निमित्त हवं ना!" तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गमबूट घालून, खुरपं आणि डबा घेऊन निघतो.

सुगी होऊन गेलेली असते, पुढची पेरणी व्हायची असते, तेवढे थोडे आठवडे आमचे. शेतमालकाची लेखी परवानगी घेतलेली असते. काही मोलाचं निघालं तर निम्मं त्याचं आणि निम्मं आमचं, हेही आधीच कागदावर ठरलेलं असतं. मग एकीनं यंत्राची तबकडी जमिनीला जवळजवळ टेकवून डावीउजवीकडे फिरवत चालायचं आणि दुसरीनं खुरपं घेऊन मागे राहायचं. तबकडीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात. खाली धातू असला की त्यात वीज चाळवते आणि तिचा पडसाद हेडफोनमध्ये ऐकू येतो. लोखंड घोगरं बोलतं. चांदीचा आवाज उंच आणि स्वच्छ येतो, देवघरातली लहान घंटा वाजावी तसा. अर्थात तसाच आवाज शीतपेयाच्या डब्याचं झाकणही देतं! बंदुकीच्या काडतुसांची टोपणं, कोटाची बटणं, शिशाच्या गोळ्या, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, दिवसभरात यांनीच डबा भरतो.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली होती आणि आमच्या पाठी भरून आल्या होत्या. शेताच्या एका कोपऱ्यात, धसकटांमध्ये, ती एकदम थांबली. तबकडी मागेपुढे फिरवून आडवा आणि उभा असा दोन्ही बाजूंनी आवाज घेतला आणि बोटानं जागा दाखवली. मी खुरप्यानं ढेकूळ उचललं, फोडलं. काहीच दिसेना. माती बोटांत चुरडताना कडेला पातळसं काहीतरी टोचलं. थुंकी लावून पुसलं तर राखाडी रंगाचा, तिकोनी, एका बाजूनं गोलाई असलेला तुकडा. पोळीचे चार तुकडे करावेत तसा.

मला वाटलं नांगरानं तोडला असेल. पण कडा बघितल्या तर अगदी सरळ. कुणीतरी मुद्दाम, कात्रीनं कापल्यासारख्या.

आणि तो खरोखरच मुद्दाम कापलेला होता. तेराव्या शतकात इंग्लंडात रोजच्या व्यवहारात चांदीची पेनी हे एकच नाणं चाले. आता अर्ध्या पेनीचा माल घ्यायचा तर सुटे आणायचे कुठून? मग नाणंच अर्धं कापत, नाहीतर चार तुकडे करत. १२४७ साली तिसऱ्या हेन्री राजानं नवी पेनी काढली. तिच्या मागच्या बाजूला मोठा क्रूस होता आणि त्याच्या भुजा पार काठापर्यंत गेलेल्या होत्या. लबाड लोक नाण्याची कड कातरून चांदी काढून घेत, ते लगेच उघडं पडावं हा त्यामागचा हेतू. लोकांना मात्र त्यात कापायच्या आयत्या रेषा मिळाल्या. पुढे १२७९ पासून पहिल्या एडवर्डनं गोल, लहान सुटी नाणी पाडायला सुरुवात केली, तेव्हा ही कापाकापी थांबली. म्हणजे त्या नव्या पेनीची ही आमची चतकोर त्या बत्तीसेक वर्षांतच कुणाच्या तरी हातून पडलेली असावी. कुणाच्या? अंडी विकायला आलेल्या बाईच्या? कमरेला गाठ मारलेल्या फडक्यातून निसटली असेल. घरी गेल्यावर तिनं किती शोधलं असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही.

तुकड्यावर तीन अक्षरं वाचता येत होती: ओ, एन, एल. आमच्या परगण्यात सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारे एक अधिकारी आहेत, त्यांना आम्ही तो दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि हसले. 'ऑन' म्हणजे 'येथे', म्हणजे टांकसाळीचं गाव सांगायला इथून सुरुवात. पण 'एल'वरून लंडनही होतं आणि लिंकनही. पुढची अक्षरं शेजारच्या चतकोरीवर, आणि ती जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच कुणीतरी खर्चून टाकलेली!

श्रोतेहो, इथे मला मैत्रिणीची एक सवय तुम्हांला सांगायची आहे, कारण तिच्यासाठीच मी आज बोलायला बसले आहे. चतकोर सापडली तेव्हा मी ती घेऊन उजेडाकडे धावले. तिनं मला हाक मारली, "आधी जागा! नाणं कुठं पळून जातंय?" खिशातून वही काढली. फोनवरून अक्षांश-रेखांश उतरवून घेतले, किती खोल होतं ते चार बोटं मोजून लिहिलं, शेताच्या कोणत्या कडेला ते लिहिलं, आणि मगच तुकडा डबीत ठेवला. मग खड्डा बुजवून वर पाय दिला. ती प्रत्येक वस्तूचं असंच करते, अगदी बटणाचंही.

सुरुवातीला मी कंटाळायचे. आता कळतं. नाणं बाजारात गेलं काय किंवा कपाटात ठेवलं काय, ते नाणं राहतंच. ते कुठे होतं, कशाशेजारी होतं, हे मात्र उचलताना एकदाच कळतं. आमच्या वहीतल्या खुणा त्या अधिकाऱ्यांनी नकाशावर मांडल्या तेव्हा शिशाची वजनं, पट्ट्यांचे बक्कल आणि कापलेली नाणी, सगळं एकाच कोपऱ्यात गोळा झालेलं दिसलं. ते म्हणाले, "इथे बहुधा जत्रा भरत असावी." आज तिथे एक झाडसुद्धा नाही.

ही नोंदीची व्यवस्था तिथे १९९७ साली सुरू झाली. ब्रिटिश म्युझियम ती सांभाळतं, आणि माझ्या मैत्रिणीसारख्या हौशी माणसांनी आणून दिलेल्या पंधरा लाखांहून जास्त वस्तू तिच्यात नोंदलेल्या आहेत. तीनशे वर्षांपेक्षा जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली की चौदा दिवसांत कळवण्याचं कायद्यानंच बंधन आहे. ती संग्रहालयानं घेतली तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बक्षीस मिळतं. सुटं एकटं नाणं सहसा या कायद्यात येत नाही. ते दाखवायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर.

आमच्याच सफोकमध्ये हॉक्सन नावाचं खेडं आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं आपल्या मित्राला बोलावलं. हा एरिक लॉज, निवृत्त माळी. त्याच्याकडे डिटेक्टर होता. हातोडा शोधता शोधता यंत्र वाजलं आणि खाली चांदीचे चमचे, सोन्याची नाणी, दागिने! थोडं उचलल्यावर लॉज थांबला. सगळ्यांत महत्त्वाचं तेच. त्यानं पुढे खणलं नाही, कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली आणि त्यांनी ठेवा जागच्या जागी उघडला. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण ती कुठे होती, आतल्या लहान डब्या कशा रचल्या होत्या, हे कळलं. त्या डब्यांची चांदीची इवलीशी कुलपंसुद्धा मिळाली. चौदा हजारांवर नाणी होती, रोमन साम्राज्याच्या अखेरची. शेवटचं नाणं इसवी सन ४०७-४०८ च्या सुमाराचं, म्हणजे पुरणाऱ्यानं त्यानंतर पुरलं असणार. चांदीच्या जवळजवळ सगळ्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या, पण सम्राटाचा चेहरा तेवढा जपून राखलेला. आणि त्या ठेव्यात मिऱ्याची पूड ठेवायच्या चांदीच्या चार डब्या होत्या. मिरी कुठली? आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजानं गेलेली! ब्रिटिश म्युझियममध्ये त्या डब्यांपुढे मी आणि मैत्रीण किती वेळ उभ्या होतो. तो हातोडाही शेवटी सापडला, आणि तोही त्याच संग्रहालयात आहे.

दुसरी हकीकत २०१० ची, सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोमजवळची. डेव्ह क्रिस्प हा रुग्णालयातला आचारी. त्याला नाणी लागली, मग मडक्याचा काठ लागला, आणि त्यानंही हात आवरला. माती पुन्हा लोटून बोलावणं धाडलं. त्या रांजणात ५२,५०३ नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. पुरातत्त्वज्ञांनी ती थराथरानं काढली म्हणून एक नवल कळलं. कुणी वर्षानुवर्षं गल्ल्यात टाकावी तशी ती साठवलेली असती तर सगळ्यांत नवी नाणी वर असायला हवी होती. तिथे तर ती बरीचशी मध्याच्याही खाली होती. म्हणजे रांजण एकदमच भरला. संकटात दडवलेली पुंजी की देवाला वाहिलेलं दान, यावर अभ्यासकांची चर्चा सुरू झाली. क्रिस्पनं भराभरा ओरबाडून पिशवीत भरलं असतं तर तो प्रश्नसुद्धा कुणाला सुचला नसता.

आणि याच्या उलटही घडलं आहे. २०१५ साली इंग्लंडातल्याच लेमस्टरजवळ दोघा मित्रांना व्हायकिंग काळातला, म्हणजे नवव्या शतकातला ठेवा लागला. त्यांनी जमीनमालकालाही सांगितलं नाही. तीनशेच्या आसपास नाणी असावीत असा अंदाज आहे, हाती लागली तीसएक. काहींवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत. वेसेक्स या राज्याचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ या दोघांनीही ही नाणी पाडली. त्या काळच्या इंग्रजी बखरीनं ज्या केओलवुल्फला मूर्ख ठरवलं होतं, तो आल्फ्रेडच्या बरोबरीचा साथीदार होता, असं त्यांवरून दिसतं. बाकीची नाणी काय सांगणार होती कोण जाणे! दोघांनाही २०१९ मध्ये मोठी कैद झाली. मला त्यांच्या कैदेपेक्षा त्या हरवलेल्या नाण्यांचंच जास्त वाईट वाटतं.

आता आपल्याकडचं बोलते. इथे असं यंत्र घेऊन गडावर किंवा लेण्यांपाशी जाऊ नका. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी सोन्याच्या मोहरांची आवई उठली आणि रात्री बॅटऱ्या लावून लोकांनी शेतं उकरली. ती दृश्यं पाहून माझ्या पोटात तुटलं.

कारण याच मातीतून काय मिळालेलं आहे, बघा. नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी. १९०६ साली तिथे चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा ठेवा निघाला. सगळी नहपान क्षत्रपाची. पण त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर दुसराच छाप मारलेला, गौतमीपुत्र सातकर्णीचा! हरलेल्या राजाचं नाणं जिंकलेल्यानं वितळवलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर आपला शिक्का ठोकला. आपल्या सातवाहनानं नहपानाचा मुलूख जिंकल्याचा याहून बोलका पुरावा कुठला? ही नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती तर ते प्रमाण आपल्याला मोजताच आलं नसतं.

हे मी एकदा मैत्रिणीला सांगत होते तेव्हा तिनं आपल्या पाकिटातून एक शिवराई काढली. तांब्याची, जाड, झिजलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव' मधला 'राजा' नीट लागतो, दुसरीकडे 'छत्रपति' अंगठ्यानं चाचपूनच वाचायचं. तिच्या आजीनं ती बरीच वर्षं देव्हाऱ्यात ठेवली होती. लग्न होऊन निघताना मैत्रिणीच्या हातात दिली.

"कुठे सापडली होती?" मी विचारलं.

"आमच्या वावरात."

"कुठल्या?"

ती गप्पच झाली. बटणाचीसुद्धा जागा लिहिणारी बाई! तिनं लगेच गावाकडे फोन लावला. आई आता ऐंशीच्या पुढे आहेत, फोन कानाला उलटा लावतात. "अगं, ती होय?" आई म्हणाल्या, "सासूबाईंनी खुरपताना उचललेली. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की निघायचंच असलं काहीबाही. विहिरीच्या वरच्या अंगाला, बांधाकडं. चिंच होती बघ तिथं, तुझ्या लग्नाच्या आधी तोडली ती. तिच्या खाली पडक्या घराचं जोतं होतं. का गं, आत्ता कशाला?"

"काही नाही, लिहून ठेवते," मैत्रीण म्हणाली. तिनं वही उघडली. चतकोरीच्या नोंदीखाली एक ओळ सोडून लिहिलं: शिवराई, एक. विहिरीच्या वर, बांधालगत, चिंचेखाली, पडक्या घराच्या जोत्याजवळ. मग फोन पुन्हा कानाला लावून म्हणाली, "आई, ते जोतं अजून आहे का गं?"