हात तेवढे राहिले

(पडद्यावर एक जुना कृष्णधवल फोटो. कॅमेरा स्थिर.)

साल १९१२. ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व टोकाचं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं वान शहर. फोटोग्राफरसमोर एक बाई बसली आहे. डोक्याला रुमाल, पुढे फुलाफुलांचा लांब एप्रन. एप्रन म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघर आठवतं, पण इथे मनात पदर आणा. शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा उभा आहे. अंगात कोट, हातात छोटी फुलं. हसू दोघांच्याही चेहऱ्यावर नाही. हा फोटो समुद्रापार जाणार होता, कामासाठी अमेरिकेला गेलेल्या नवऱ्याकडे.

बाईचं नाव शुशान, आर्मेनियन. मुलगा वोस्तानिक अदोयान, वान सरोवराकाठच्या खोरकोम गावचा.

तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांना घराबाहेर काढून मारण्याचं सत्र सुरू झालं. वाळवंटाकडे हाकललेले तांडे वाटेतच संपले. मृतांचा आकडा १५ लाखांपर्यंत सांगितला जातो. तुर्कस्तान आजही याला वंशसंहार म्हणत नाही. वानच्या आर्मेनियन लोकांनी शहर लढवलं, रशियन फौज आली, आणि दोन-अडीच महिन्यांत माघारी फिरली. तिच्यामागून लाखभर माणसं पायी निघाली. त्यात शुशान होती, तिची मुलं होती.

१९१९ च्या मार्चमध्ये आर्मेनियातल्या येरेवानला शुशान उपासमारीने गेली. वय चाळिशीच्या आत. पुढच्या वर्षी वोस्तानिक आणि धाकटी बहीण वार्तुश अमेरिकेत उतरले. वडील भेटले, पण तोवर त्यांच्यात बोलण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

(दृश्य: न्यूयॉर्क, चित्रकाराचा स्टुडिओ.)

आता हाच मुलगा पाहा, चित्रकार झालेला. उंच, मिशाळ, पार्टीत गाणारा-नाचणारा. नाव विचारलं तर अर्शिल गॉर्की. लेखक मॅक्झिम गॉर्कीशी नातं असल्याचंही तो ठोकून द्यायचा. गंमत म्हणजे गॉर्की हे त्या लेखकाचंही टोपणनाव, रशियन भाषेत त्याचा अर्थ कडू. अदोयान हे नाव त्याने असं गाडलं की लग्नाच्या बायकोलाही खरी हकीकत कळली ती तो गेल्यावर.

तोंडाने लपवलेलं हातातून मात्र बाहेर येत राहिलं. तो जुना फोटो समोर ठेवून त्याने आईचं आणि स्वतःचं चित्र रंगवायला घेतलं. दोन कॅनव्हास, आणि साधारण १९२६ पासून पुढची कित्येक वर्षं. एक आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, दुसरं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. रंग वाळला की ब्लेडने खरवडायचा, धुवायचा, पुन्हा रंग चढवायचा. त्यामुळे पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत झाला आहे.

(कॅमेरा हळूहळू चित्राच्या खालच्या भागाकडे.)

चेहरा पूर्ण आहे. डोळे तर इतके पूर्ण की नजर चुकवावीशी वाटते. पण एप्रनवरची फुलं गेली आहेत, तिथे नुसता सपाट रंग. आणि मांडीवरचे हात बघा. बोटं नाहीत. पुसून टाकल्यासारखे पांढुरके गोळे. समीक्षक यावर बरंच लिहितात, आणि त्याला ते जमलंच नाही असंही कुणी म्हणेल. मला एवढंच दिसतं, की डोळ्यांपाशी पोचलेला माणूस हातांपाशी थांबला. एप्रनही त्याला सोडत नव्हता. १९४४ मधल्या एका अमूर्त चित्राच्या नावातच त्याने आईचा भरतकाम केलेला एप्रन आणला.

पुढचं भराभर सांगते, कारण ते भराभरच घडलं. जानेवारी १९४६ मध्ये स्टुडिओला आग लागली, चित्रं जळाली. लगेच कर्करोगाचं ऑपरेशन. जून १९४८ ला मोटार अपघात, मान मोडली, रंगवायचा हात लुळा पडला. बायको मुलींना घेऊन गेली. जुलैमध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. थोरली पाच वर्षांची, धाकटी तिनाच्या आत.

(दृश्य: हाताने लिहिलेली पत्रं, अक्षरं धूसर.)

एखाद्या घरात कुणी काही सांगितलंच नाही, तर पुढची माणसं ती जागा कशाने भरतात? या घराने दोन तऱ्हांनी भरली. वार्तुशच्या मुलाने मामाची पत्रं इंग्रजीत आणून छापली. मायभूमीच्या आठवणींनी ओथंबलेली, आई, जर्दाळू, नांगर. वर्षानुवर्षं लोकांनी ती उद्धृत केली. पुढे चरित्रकारांनी मूळ कागद शोधायला घेतले, तेव्हा ध्यानात आलं की त्यातली बरीच पत्रं भाच्यानेच रचलेली होती. लबाडी म्हणून याला निकालात काढता येतं, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ती लबाडी आहेच. तरीही तो भाचा माझ्या डोक्यातून जात नाही. मामा जे बोलला नाही, ते बोलला असता तर कसं, हे तो टेबलाशी बसून लिहीत होता.

मुलींच्या वाट्याला वेगळंच आलं. त्यांना बापाची आठवण तुटक, आणि त्याची चित्रं मात्र जगभरच्या भिंतींवर. थोरलीच्या मुलीने, म्हणजे नातीने, २०११ मध्ये कॅमेरा हातात घेतला आणि आजीला, आईला, मावशीला समोर बसवून विचारलं. साठ वर्षं जुना राग पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला. मग घरची माणसं वान सरोवराकडे निघाली.

(दृश्य: सरोवर. निळं पाणी, मागे बर्फाचे डोंगर.)

नकाशावर खोरकोम शोधलंत तर सापडणार नाही. आता तिथे दिलकाया लिहिलेलं असतं. समोर अख्तामारचं बेट, त्यावर दहाव्या शतकातलं आर्मेनियन चर्च, बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेले संत आणि प्राणी. लहान वोस्तानिकचं बालपण याच परिसरात गेलं. २००७ पासून चर्च संग्रहालय आहे. २०१० मध्ये तिथे जवळपास शतकानंतर पुन्हा प्रार्थना झाली, आणि वर्षातून एकदा तशी परवानगी मिळू लागली.

बाकीचे दिवस तिकीट काढून आत जायचं.