मायनर विषय: खगोलशास्त्र

(घुमटाची झडप सरकते)

सूर्य नुकताच मावळलाय. तारे दिसायला अवकाश आहे, पण वेधशाळेत धावपळ सुरू झालीय. आधी ‘फ्लॅट’ घ्यायचे, म्हणजे संधिप्रकाशातल्या कोऱ्या आकाशाचे फोटो. आकाश भराभर काळवंडतं, तसा एक्स्पोजर वाढवत न्यायचा. जरा रेंगाळलात, की फ्लॅटमध्येही तारे उमटायला लागतात.

(संगणकाचा पडदा, जवळून)

ही राखाडी कडी बघा. ग्रह नाहीत, तेजोमेघ तर नाहीतच. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर बसलेल्या धुळीच्या या सावल्या. ताऱ्याच्या फोटोला या फ्लॅटने भागलं की त्या पुसल्या जातात. हो, भागाकारच; एकेका पिक्सेलचा.

हा भागाकार करणारी मुलगी अर्थशास्त्राची, घुमट फिरवणारा मुलगा इतिहासाचा. मेजर विषय दुसराच, जोडीला खगोलशास्त्राचे मोजके पेपर. किती, आणि त्यासाठी आधी गणित-भौतिकशास्त्र किती हवं, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. ही अट काही ठिकाणी इतकी कडक असते, की अशी मुलं दुर्बिणीपर्यंत पोचतच नाहीत. या दोघांना काम करताना बघितलं, की ते पटत नाही.

(दुर्बीण वळते)

आजचं लक्ष्य महाश्व तारकासमूहात आहे: एचडी २०९४५८. साध्या डोळ्यांना न दिसणारा तारा. दर साडेतीन दिवसांनी त्याचा ग्रह त्याच्यासमोरून जातो आणि सुमारे तीन तास ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं असं अधिक्रमण पहिल्यांदा टिपलं गेलं ते याच ताऱ्यावर, १९९९ साली. आणि त्या वेळी वापरलेली एक दुर्बीण अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाची होती! महागड्या यंत्रांशिवाय हा विषय शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांनी ती आठवावी.

पुढे काय? नुसत्या मायनरवर खगोलशास्त्रज्ञ होता येत नाही; संशोधनाकडे वळायचं तर भौतिकशास्त्र भरून काढावंच लागतं.

(आलेखावर एकेक ठिपका उमटतो)

ठिपके खाली उतरू लागलेत. पण हे ग्रहामुळे, की विरळ ढगामुळे? त्यासाठी त्याच फोटोतले शेजारचे तारे मोजायचे. ढग असता तर तेही मंदावले असते. ते जसेच्या तसे आहेत. आता आलेख पुन्हा वर चढून स्थिरावेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही.